सदऱ्याच्या आतली पट्टी

ती. ताईस,

उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे आज सात अंगांचाच नमस्कार. घाबरू नकोस. ग्रंथालयाच्या शिडीवरून पडलो, मनगट तेवढं मोडलं. डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "रोजची काही औषधं?" मी ऐटीत "काही नाही" म्हणालो. नाल्ट्रेक्सोनची ती कणभर गोळी मी औषधांत धरतच नव्हतो. मॉर्फिनचं इंजेक्शन भरून तयार होतं. तेवढ्यात सदरा काढताना नर्सला तू आतून शिवलेली पट्टी दिसली.

"अहो, थांबा! यांना नाल्ट्रेक्सोन चालू आहे, मॉर्फिन चालत नाही, सदऱ्यावरच लिहिलंय!"

डॉक्टर म्हणाले, ती गोळी मॉर्फिनचा परिणामच अडवते, त्यामुळे इंजेक्शन लागू पडलं नसतं, आणि लागू पडत नाही म्हणून मात्रा वाढवत नेली असती तर जिवावर बेतलं असतं. मग दुसरं औषध दिलं. हात ठणकतो, पण सोसवतं.

पट्ट्या शिवत होतीस तेव्हा तुला 'सदऱ्यांची भाष्यकार' म्हणून चिडवलं होतं. ते शब्द सन्मानपूर्वक मागे घेतो. तुझा गुडघा कसा आहे?

नर्सने विचारलं, "बहीण डॉक्टर आहे का तुमची?"

म्हटलं, "नाही, थोरली आहे."

तुझ्यामुळे शाबूत असलेला,
धाकटा