आईची हनुवटी

प्रिय तेजल,

ज्यांच्याकडे आईचा एकही धड फोटो नाही, अशा आपणा दोघांसाठी हे लिहितोय. मतदार ओळखपत्रावरचा तो काळपट डाग मी आईचा चेहरा मानणार नाही! जन्मभर शेतात राबलेल्या बाईची खूण एवढीच उरावी?

म्हणून इथे रत्नागिरीत परचुरे सरांकडे तैलरंगात चेहरा रंगवायला शिकतोय. पहिला धडा म्हणजे युरोपातल्या एका जुन्या चित्रातल्या म्हातारीची हुबेहूब नक्कल. त्या दिवशी सर मागे येऊन उभे राहिले. मी सारखी बडबड करतो म्हणून ते मला भाषणवाला म्हणतात. "अरे भाषणवाल्या, ही बाई गोरी आहे. तिच्या गालाला जांभ्या दगडाचा तांबडा रंग कशाला फासतोयस?"

मी पाहिलं, तर हात आपोआप आईचा रंग कालवत होता. म्हातारीच्या डोक्यावरचं कापडही आईच्या पदरासारखं कानामागे खोचलं गेलं होतं. सर पुसायला टर्पेंटाइनचं फडकं घेऊन आले होते. ही माझी आई उतरतेय असं मी सांगितलं, तसं त्यांनी ते बाजूला ठेवलं. म्हणाले, "मग आता हिलाच पुरी कर."

डोळे जमले, कपाळ जमलं. हनुवटी मात्र काही केल्या आठवत नाही. ती तुझ्याकडे आहे, तेजू. आईसारखी दिसतेस म्हटलं की तुला रडू येतं, म्हणून हे पत्र इथवर लिहून चार दिवस खिशातच ठेवलं होतं; आज पुरं करून टाकतोय.

रविवारी सावर्ड्याहून ये आणि खिडकीपाशी माझ्यासमोर बस. रडलीस तरी चालेल, फक्त मान हलवू नकोस. मी एक शब्दही बोलणार नाही.

तुझा दादा,
प्रज्ञेश