विनितावर बागेची अट नाही

मी, सिंधू प्रभाकर पिंपळापुरे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार बाग सेवनिया, भोपाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल दाखल्यात काही नाही, ते बरेच झाले. समोरच्या खुर्चीत माझे यजमान बसले आहेत. "काय लिहितेस?" असे त्यांनी मघाशी विचारले. मी म्हटले, "बियांची यादी."

यापूर्वी जानेवारीत केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. कारण पुढे येईल.

१. घर. माझे सासरे काशिनाथराव छप्पन साली राजधानी भोपाळला आली तेव्हा सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून इथे आले. पुढे आमच्या लग्नानंतर प्लॉट घेताना, घर सुनेच्या नावावर असावे असा त्यांनी हट्ट धरला, म्हणून खरेदीखतावर माझे एकटीचे नाव आहे. यजमानांना ते कधी आवडले नाही. घर जागेसह, बागेसह, माझ्या पश्चात माझी सून विनिता आशिष पिंपळापुरे हिचे होईल. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावे, विकावे. कोणाला विचारण्याचे कारण नाही.

२. यजमान प्रभाकर यांना खालची पूर्वेकडची खोली हयातभर राहील. दोन वेळचा चहा, मऊ फुलके आणि औषधे वेळेवर मिळावीत. त्यांचा अपमान होऊ नये. ही जबाबदारी मुलगा आशिष याची आहे. घर विनिताला मिळाले म्हणून वडील तिच्या वाट्याला जात नाहीत, हे आशिषने दोनदा वाचावे.

यजमानांना मी माफ केलेले नाही. इथे ते लिहिणे भाग आहे, कारण दुसरीकडे कुठे लिहिले नाही.

नव्वद साली आमच्या गल्लीत चोरी झाली. दुसऱ्या दिवसापासून यजमान ऑफिसला निघताना फाटकाला बाहेरून कुलूप घालू लागले. "बाई एकटी घरात, कोणीही शिरेल," असे म्हणाले. पहिल्या आठवड्यात मी विचारले, "आग लागली तर?" ते म्हणाले, "आपल्याकडे कसली आग लागतेय?" त्यानंतर मी विचारले नाही. तो माझा दोष. किल्ल्या दोन होत्या. एक त्यांच्या खिशात, दुसरी दहा वर्षांच्या आशिषच्या गळ्यात दोरीला. तो दुपारी शाळेतून येई, जेवे, आणि खेळायला जाताना मला कुलूप लावून जाई. सांगितलेले ऐकणारे मूल होते.

३. बाग. ती अशी तयार झाली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा माझ्याकडे तीस फूट लांब आणि बारा फूट रुंद जमीन होती. ऊन कुठे किती वेळ थांबते ते महिनाभर पाहून मी भिंतीवर खडूने खुणा केल्या. मग जुन्या कॅलेंडरच्या मागे नकाशा काढला: पूर्वेला गुलाब, भिंतीशी मोगरा, मध्ये शेवंतीचे दोन वाफे, सावलीच्या कोपऱ्यात अनंत. इथली काळी माती मे महिन्यात दगड होते आणि जुलैत चिखल. दीड फूट खड्डे खणले, तळाशी विटांचे तुकडे, वर वाळू आणि कुजलेले शेणखत. पहिली सगळी रोपे मेली. पाणी मी जास्त घालत होते. दुसरे करायला काही नव्हते ना.

पलीकडच्या घरात नफीसा आपा राहत. त्यांनी भिंतीवरून पाहिले आणि हसल्या. "सिंधू बहन, पौधे को प्यास भी लगने दो।" मग रोज अकरा वाजता आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहू लागलो. गुलाबाला डोळा भरायला त्यांनी शिकवले. ब्लेडने सालीला छेद द्यायचा, डोळा आत सरकवायचा, पट्टी बांधायची, आणि वीस दिवस हात लावायचा नाही. एकदा त्यांनी विचारले, "आप कभी हमारे यहाँ क्यों नहीं आतीं?" मी म्हटले, "घर में काम बहुत रहता है।" पुढे कधीतरी त्यांनी फाटक पाहिले असावे. परत विचारले नाही. फक्त त्यांच्या घरी काही गोड झाले की वाटी भिंतीवरून येऊ लागली.

बारा वर्षांनी, एका जानेवारीत, भर दुपारी पलीकडून रडणे ऐकू आले. मी कुंडी उलटी घालून वर चढले. नफीसा आपा गेल्या होत्या. मी बागेतला एकूण एक गुलाब तोडला, कळ्यासुद्धा, आणि पदरात भरून भिंतीवरून त्यांच्या मुलीकडे दिला. ती म्हणाली, "खाला, आप आ जाइए, अम्मी को देख लीजिए।" मी म्हटले, "आती हूँ।" आणि कुंडीवरच उभी राहिले. चारच्या सुमारास त्यांना नेले. सहाला यजमान आले, ऐकले, कुलूप काढता काढता म्हणाले, "अगं, मग आता जाऊन ये."

त्या भिंतीलगतचा गावठी गुलाब आपांनी दिलेला आहे. त्याची कलमे त्यांच्या मुलीला, ती आता कोलार रोडला राहते, मागेल तेवढी द्यावीत. माझी खुरपी आणि छाटणीची कात्रीही तिलाच.

४. आता विनिताबद्दल. ती औषधनिर्माण शिकलेली आहे. लग्नानंतर नोकरी सुटली. नात रसिका शिकायला पुण्याला गेली तेव्हा विनिताला इंदूरच्या एका दवाखान्यातून बोलावणे आले. आशिषची नोकरी इथे जवळच, मंडीदीपला. शनिवारी-रविवारी ती घरी येईल असे तिने सुचवले. आशिष जेवता जेवता म्हणाला, "आईचे गुडघे गेलेत. बागेला पाणी कोण घालणार?" आणि माझ्याकडे पाहिले.

मी मान हलवली. मला बरे वाटले होते. माझी बाग कोणाला तरी एवढी महत्त्वाची वाटली, एवढेच तेव्हा सुचले. विनिता ताटे उचलून आत गेली.

जानेवारीत वकील अरविंद बोकारे यांनी माझे पहिले मृत्युपत्र वाचून दाखवले. त्यात घर विनितालाच होते, पण "सदर वारसदाराने बागेची नित्य निगा राखावी, झाडे तोडू नयेत, घर विकू नये" अशी अट मी घालून घेतली होती. विनिता चहा घेऊन आली होती. ट्रे हातात तसाच धरून तिने सगळे ऐकले. मग म्हणाली, "आई, घर देताय की ड्यूटी लावताय?"

मी रागावले. तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी दुपारी खिडकीतून पाहिले, तर ती पाइप धरून शेवंतीच्या वाफ्यात उभी होती. वाफा भरून पाणी पायांवर येत होते आणि ती रस्त्याकडे पाहत होती. तशी उभी राहिलेली बाई मला ओळखता आली.

त्या रात्री जेवताना मी आशिषला सांगितले, "मी चुकले. बागेला माळी बघ, नाहीतर वाळू दे."

"आई, तुझा जीव आहे त्या बागेत."

"माझा आहे ना? मग तिचा कशाला अडकवतोस?"

यजमान म्हणाले, "घरातली बाई घरात बरी." आशिषने त्यांच्याकडे पाहिले. पुढे विनिताचे अर्ज टपालात टाकायला तोच घेऊन गेला. इंदूरची ती जागा भरून गेली होती. आठ महिने थांबावे लागले. गेल्या सोमवारी इंदूरच्याच दुसऱ्या एका दवाखान्यातून पत्र आले. एक तारखेला तिला रुजू व्हायचे आहे.

म्हणून जानेवारीच्या मृत्युपत्रातली अट या मृत्युपत्रात नाही. मोगरा उपटून तिथे गाडी लावली तरी माझी हरकत नाही. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

५. बँकेतली ठेव आणि माझ्या बांगड्या आशिष व रसिका यांना निम्म्या-निम्म्या.

६. काल विनिता म्हणाली, "आई, चला माझ्याबरोबर. महिनाभर तरी." मी म्हटले, "शेवंतीला आता कळ्या धरतील." मृत्युपत्रात खोटे असू नये, म्हणून इथे दुरुस्त करते. यजमान निवृत्त झाले तेव्हा कुलूप सुटले. पुढच्याच सकाळी मी एकटी होशंगाबाद रोडपर्यंत चालत गेले. तिथे मला श्वास पुरेना. एका पानटपरीच्या बाकावर बसले आणि परत आले. कोणाला सांगितले नाही. त्याला अठरा वर्षे झाली. त्यानंतर एकटी मी गेलेली नाही. शेवंतीचा काही संबंध नाही.

७. शेवटची सूचना विनितासाठी. मी गेल्याचा निरोप येईल तेव्हा तू कामावर असशील. दवाखान्यातली पाळी संपवून ये. रजा मिळत नसेल तर येऊ नकोस. मला नेण्यासाठी कोणी तुझी वाट पाहत थांबू नये, आणि तूही माझ्यासाठी कुठे थांबू नयेस.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

सही: सिंधू प्रभाकर पिंपळापुरे

सिंधूताईंनी आमच्या देखत, पूर्ण शुद्धीवर असताना सही केली. आम्हाला या मिळकतीतले काही मिळत नाही.

साक्षीदार १: डॉ. केतकी खानझोडे
साक्षीदार २: गोपीनाथ देशकर

भोपाळ, दिनांक २२ ऑक्टोबर २०२५