फोटोत हसू नकोस

टल्सा, मंगळवार

प्रिय ओना,

प्रभूच्या कृपेने मी ठीक आहे. आईचा गुडघा कसा आहे?

तुझ्या नवऱ्याने, क्लाइडने, पुन्हा तुझा डोळा सुजवला, हे तुझ्या पत्रात वाचलं. न्यायाधीशांना दाखवायला फोटो काढ. सोबत कॅमेऱ्याचा रोल पाठवते. घरात फ्लॅश नको, काळंनिळं पुसट होतं. सकाळी खिडकीशी उभी राहा. नाहीतर अंगणात सावलीत काढ. जखमेशेजारी नाणं धर, म्हणजे आकार कळतो.

पावडर लावू नकोस. माझ्या वेळी मी चर्चला जायचा झगा घालून कॅमेऱ्यासमोर सवयीने हसले होते. फोटो पाहून न्यायाधीश म्हणाले, "बाई, तुम्ही तर मजेत दिसताय." घरी येताच माझ्या नवऱ्याने माझा हात मोडला.

वाचून झालं की पत्र चुलीत टाक. रोल तेवढा पिठाच्या डब्यात लपव.

तुझ्यासाठी रोज प्रार्थनेला गुडघे टेकणारी,
तुझी ताई व्हर्ना