हाड मोडण्याचा आवाज

पुणे, ८ जानेवारी २०२५

चि. शीतलला,
ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

हरिचंदराव तुझा मोबाइल चाळतात, म्हणून पत्रच लिही आणि तेही तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर, असं तू सांगितलंस तेव्हा मी इथे सगळ्यांना हसून सांगितलं की बहिणीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी जावयाला एवढी ओढ आहे.

तुला ‘लाल दवाखाना’ आठवतो? हिंगोलीला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत आपण अर्धा-अर्धा तास खेळायचो तो गेम. मेलेले पेशंट कुऱ्हाडी घेऊन फिरतात आणि नर्सकडे पिस्तुलाच्या फक्त सहा गोळ्या. तू डोळे गच्च मिटून, नुसत्या पावलांच्या आवाजावर तिला पळवायचीस आणि मी बघत असूनही मरायचे. तो गेम आमची कंपनी नव्याने बनवते आहे, हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रासाठी. पडदा तळहाताएवढा, त्यामुळे भीती दाखवायला जागाच नाही. ती सगळी कानात घालायची आणि ते काम माझं. सकाळपासून कोयत्याने कलिंगडं फोडते, ओला टॉवेल फरशीवर आपटते. शेजारीण म्हणते, तुमच्या घरात रोज खून होतो वाटतं.

पण हाड मोडण्याचा आवाज जमत नाही. शेवग्याच्या शेंगा झाल्या, ऊस झाला. मग आठवलं, हळदीच्या मोंढ्यात व्यापारी हळकुंड मोडून त्याच्या आवाजाला कान देतात. आईकडून किलोभर वाळलेली हळकुंडं घेऊन पाठव. तुझा मोडलेला हात बरा आहे ना? फरशीवर जरा जपून चालत जा, बावळट.

लोभ आहेच, वेळेवर उत्तर दिलंस तर तोही वाढेल.
तुझी,
आकांक्षा


आखाडा बाळापूर, १७ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम.

हळकुंडं पाठवली आहेत. आई म्हणाली, हिला सांग, भाजीत घाल म्हणावं, मोडत काय बसली. माझा हात जुळून आला आहे. पाण्याची घागर मात्र अजून उचलत नाही.

ताई, हळकुंडाने काम होणार नाही. ते कटकन मोडतं. जिवंत हाड तसं मोडत नाही. त्याच्यावर मांस असतं, त्यामुळे बाहेर आवाज कमीच येतो, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली काडी मोडल्यासारखा. मोठा आवाज येतो तो ज्याचं मोडतं त्याच्याच डोक्यात.

आणि जुन्या गेममधल्या बाया मार बसला की लगेच किंचाळायच्या. ते खोटं आहे. पहिल्या घावाला श्वासच निघून जातो, किंचाळणार कशाने? दुसऱ्या-तिसऱ्याला आवाज फुटतो. मग तोही थांबतो, कारण ओरडणाऱ्याला जास्त बसतात. पट्टा असेल तर आधी हवेचा आवाज येतो. माणूस त्यालाच घाबरतो, अंगावर पडल्यावर नाही. डोकं भिंतीवर आपटलं की नंतर बराच वेळ बारीक शिट्टी वाजत राहते. ती घाल, चांगली वाटेल.

अंगणवाडीतली लेकरं मजेत आहेत. माया असू दे.
तुझी,
शीतल


पुणे, १ फेब्रुवारी २०२५

प्रिय शीतल,
जयभीम.

तू लिहिलंस तसंच केलं. आधी हवा. मग मार. मग नुसता अडकलेला श्वास. शेवटी शिट्टी. सगळ्यांना ऐकवलं तेव्हा साहेबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि पाणी मागितलं. एवढं खरं कधी ऐकलं नाही म्हणाले. लोकांनी माझी पाठ थोपटली. मी घरी येऊन चहा टाकला, आणि तो उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

फरशीवर घसरलेल्या बाईला पट्ट्याची हवा कशी माहीत असेल?

शीतल, मी तुझ्या माराची शाबासकी घेऊन घरी आले. नऊ वर्षं त्याला ओढ म्हणत आले. आता सरळ लिही, हात त्यानेच मोडला ना? मी गाडी काढून निघते. आधी तुला घेते, मग पोलिसांत जाऊ. तो आवाज मी अजून ठेवला आहे. काढून टाकू का?

तुझी ताई


आखाडा बाळापूर, १० फेब्रुवारी २०२५

ती. ताई,
जयभीम.

हो, त्यानेच. उखळातली मुसळी घेतली होती.

पण तू येऊ नको. मागच्या वर्षी कळमनुरीला मैत्रिणीकडे गेले होते, तर तिच्या अंगणातून त्याने मला केसाला धरून फटफटीपर्यंत ओढत नेलं. पुढच्या वेळी गळा चिरीन म्हणाला आहे, आणि तो बोललेलं करतो. आई म्हणते, बैठकीत मिटवा. विहारातल्या बैठकीत मी एकदा उभी राहिले होते. तिथे दर रविवारी बुद्धवंदना हरिचंदच म्हणतो, गळा गोड आहे. कोंडीबा आबा अध्यक्ष आहेत, माणूस भला, पण म्हणाले की हरिचंद असं करून राहिला असता तर गल्लीत कोणालाच कसं ऐकू आलं न्हाई? सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, पोरगी पडली. मला माघारी पाठवलं, आणि त्या संध्याकाळी माझे दोन दात गेले.

बैठकीने खरं मानलं तर आबा आणि बाकीचे स्वतः ठाण्यात येतात. मग तो एकट्या बाईला गाठू शकत नाही. मला बोलता येत नाही गं ताई. त्याच्यासमोर जीभ टाळूला चिकटते. तो आवाज घातलेलं गेमचं यंत्र पाठव. आबांना ऐकूच आलं नव्हतं ना, ऐकू दे.

शीतल


पुणे, १८ फेब्रुवारी २०२५

प्रिय शीतल,
जयभीम.

यंत्र पाठवते आहे. सोबत वायर आहे, ती विहाराच्या स्पीकरला लागेल. हिरवं बटण दाबलं की पहिल्या मजल्याचा वॉर्ड सुरू होईल. पुढे काही करू नकोस, नर्सला जागेवरच उभं राहू दे, म्हणजे मार तिला बसेल. मी दोन मार्चच्या रविवारी सकाळपासून हिंगोलीत आईजवळ, गाडीची किल्ली हातात घेऊन बसलेली असेन.

ताई


आखाडा बाळापूर, ४ मार्च २०२५

ती. ताई,
जयभीम.

रविवारी फोनवर मी नुसती ये म्हणाले, आणि गाडीत तू एक शब्द विचारला नाहीस. तोंडाने अजून सांगवत नाही. काल तू पुण्याला निघालीस, आज आईकडून अंगणवाडीच्या चाव्या द्यायला गावात आले आहे, तर इथे बसून लिहिते.

वंदना झाली. त्यानेच म्हटली. मग आबांनी विचारलं, पोरी, आता काय तकलीफ आहे? मी वायर लावली आणि बटण दाबलं. मागून कोणीतरी हसलं, मास्तरीण बैठकीत गेम खेळून राहिली म्हणून. मग स्पीकरमधून ती हवा आली. पाठोपाठ मार. कोणी हसेना. हरिचंद माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे.

आणि ताई, बायकांतून सासूबाई उठल्या. कोणाकडे न बघता चालत गेल्या, विहाराचं दार लोटलं, कडी लावली, आणि कडीवर हात ठेवून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. घरी त्या हेच करतात. पट्टा निघाला की दार लावतात, गल्लीत ऐकू जाऊ नये म्हणून.

आवाज संपला. आबांनी विचारलं, मिराबाई, दार काहून लावलं? त्यांनी कडीवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. म्हणाल्या, लोक ऐकतेत ना. तेवढ्यात हरिचंद उठला आणि सगळ्यांदेखत त्याने आईच्या तोंडावर बुक्की मारली. वंदनेसाठी नेसलेलं पांढरं लुगडं गळ्यापासून लाल झालं. दुसरी मारायच्या आत चार जणांनी त्याला खाली दाबलं, तरी तो लाथा झाडत होता. एकाचा अंगठा त्याने दातांनी फोडला. आबांनी स्वतः जाऊन कडी काढली.

तो आवाज काढून टाकू का विचारलं होतंस. राहू दे. खेळणाऱ्याच्या घशाला कोरड पडली तर पडू दे.

बैठकीने त्याला ठाण्यात नेलं तेव्हा तू आईला गाडीत घेऊन बाहेर थांबली होतीस, म्हणून आतलं तुला माहीत नाही. जबाब देताना मुसळी म्हणाले आणि माझा आवाज बसला. हवालदार पेन धरून थांबला. सासूबाईंच्या ओठाला टाके होते, धड बोलता येत नव्हतं. तरी त्यांनी मला बाजूला सारलं आणि सांगायला लागल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हात. चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी पट्टा. लग्नाच्या पहिल्या वर्षी पोटात लाथ, तिसरा महिना होता. हवालदाराने विचारलं, आजी, एवढ्या तारखा कशा काय ध्यानात? त्या म्हणाल्या, मी दाराशीच उभी होते.

माझ्यासाठी आणि आता त्यांच्यासाठीही जीव टाकत जा.
तुझी,
शीतल