नॉर्बर्टच्या पहिल्या नंबरचं काय झालं

पार्मा, ओहायो
२४ मार्च

प्रिय नॉर्बर्ट,

माझ्याहून चार महिन्यांनी वडील असल्याबद्दल तुला आधी नमस्कार (कंबर जेवढं वाकू देते तेवढा). तू, जोअ‍ॅनवहिनी आणि तुमचा पोहण्याचा हौद, तिघेही खुशाल असाल. ॲरिझोनात तुम्ही मार्चमध्ये अर्ध्या चड्डीवर फिरता असं ऐकतो. इकडे काल पुन्हा चार इंच बर्फ पडला आणि तो उपसताना माझ्या डाव्या गुडघ्याने उजव्याला हाक मारली. बाकी ठीक. चेस्टरमामांचा, म्हणजे तुझ्या वडिलांचा, खोकला पूर्ण गेला. जानेवारीतला न्यूमोनिया आता त्यांना एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसासारखा आठवतो. वृद्धनिवासातली नर्स म्हणाली, अठ्ठ्याऐंशीच्या मानाने फुप्फुसं उत्तम आहेत, आवाज जरा कमी करता आला तर बघा.

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू मध्येच बोलतोस. पत्रात मला शेवटपर्यंत जाता येतं, आणि तू संतापशील तेव्हा मी दोन हजार मैल लांब असेन. आता संतापण्यासारखं काय आहे ते सांगतो, पण क्रमाने. पान उलटून शेवट आधी वाचू नकोस. वाचशीलच.

तर गेल्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात आपली सामन्यांची वाटणी झाली. ईस्टरआधीचा उपासाचा शुक्रवार, मांस वर्ज्य पण मासे चालतात, त्यामुळे हॉलभर तळलेल्या माशांचा वास आणि बटाटा भरलेल्या पिरोगीसाठी दारापर्यंत रांग. कोपऱ्यातल्या नेहमीच्या टेबलाशी मी, दंतवैद्य मिलान, ल्युसिलबाई (नवरा एड वारल्यापासून त्याचा हिस्सा त्याच चालवतात, आणि एडपेक्षा शंभर पटीने बऱ्या चालवतात), आणि तुझा हिस्सा मुळात ज्यांचा, ते मामा. मामांना मी चाकाच्या खुर्चीतून आणलं. वाटेत तीन जणांच्या पायांवरून ती गेली, पैकी एक फादर होते. रीत तीच, त्रेचाळीस वर्षांची: बेसबॉलच्या मैदानात तिसऱ्या बेसच्या बाजूच्या आपल्या मोसमभराच्या दोन खुर्च्या, घरचे सामने एक्क्याऐंशी, हिस्सेदार चार. नंबरवारीने एकेकाने एकेक सामना उचलायचा, वीस-वीस झाले की उरलेला एक फादरना. नंबर ठरतात चर्चच्या बिंगोच्या, आकड्यांच्या गोट्या फिरवायच्या पिंजऱ्यातून, कारण मिलानच्या टोपीतून चिठ्ठ्या काढायचो तेव्हा मिलानच लागोपाठ सहा वर्षं पहिला आला होता.

तुझ्या वतीने गोटी मी घ्यायची, हे ठरलेलंच होतं. तू मला एकच गोष्ट सांगितली होतीस, आणि ती दहा वेळा सांगितली होतीस: काहीही कर, पण मोसमाचा पहिला घरचा सामना घे. या वर्षी बाबांना पहिल्या सामन्याला न्यायचंच, हिवाळ्यात काय प्रसंग आला होता ते आपण पाहिलंय, पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं. तू विमानाचं तिकीटही काढून बसलास. हे सगळं मला पाठ होतं, नॉर्ब. मी हे विसरलो असं कृपा करून समजू नकोस. विसरलो असतो तर निदान एक सबब तरी असती.

पिंजरा फिरण्याआधी नेहमीप्रमाणे वादावादी झाली. मिलानचं म्हणणं, यंदा बेसबॉलमध्ये आपलं नक्की. (त्याचं हे म्हणणं दर मार्चमध्ये बर्फाबरोबर येतं आणि मे महिन्यात बर्फासारखंच जातं.) त्याच्याकडे पिचर्सची, म्हणजे आपल्या चेंडू फेकणाऱ्यांची, यादी होती, औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेली. पैकी एकाच्या कोपराचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय आणि तिसरा एकोणीस वर्षांचा आहे. "पण त्याचा हात बघितलास का?" मिलान म्हणाला. मामा म्हणाले, "मी अकरा वर्षांचा असताना आपण जिंकलो होतो. तेव्हापासून दर वर्षी कोणीतरी मला कोणाचा तरी हात दाखवतंय." मग मिलानने विचारलं, संघ सरावाला नॉर्बर्टच्या घराजवळच असतो ना, तो रोज जात असेल नाही? मी म्हटलं, रोज. (खोटं बोललो. तू एकदाही गेला नाहीस हे मला ठाऊक आहे, पण उपासाच्या दिवशी मिलानचं मन कशाला मोडा.) मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि कोबीच्या शेवयांत काटा खुपसला.

तिथून गाडी फुटबॉलच्या ड्राफ्टवर घसरली. गेल्या मोसमात हरण्यात आपला हात फक्त एकाच संघाने धरला, त्यामुळे कॉलेजातली पोरं निवडायची आपली पाळी यंदा दुसरी, आणि शहरात ज्याला तोंड आहे त्याला मत आहे. मिलानला चेंडू फेकणारा तो दक्षिणेकडचा क्वार्टरबॅक हवा, ल्युसिलबाईंना तो तीनशे तीस पौंडांचा आडदांड अडवणारा ("फेकणारे आपण पंचवीस आणले, त्यांना उभं कोणी राहू दिलं?"), आणि मी तुझ्या वतीने तुझं तत्त्व मांडलं. तू मला दर रविवारी फोनवर सांगतोस तेच: वरचा नंबर हा मूर्खांचा नंबर. शहाणा संघ तो नंबर दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, स्वतः खाली सरकतो आणि बदल्यात तीन पोरं घेतो. एकाच पोरावर सगळं लावलं आणि त्याचा गुडघा गेला तर वर्ष गेलं. मी हे इतकं छान मांडलं की शेजारच्या टेबलावरचे दोघे मासे टाकून ऐकायला आले. अजून पोरं निवडायला महिना अवकाश, म्हणजे बाजारात तुरी, पण मी मात्र त्या तुरींची डाळ शिजवून वाढलीसुद्धा.

आणि मग पिंजरा फिरला. फादरनी गोट्या वाटल्या. माझी तिसरी आली, मिलानची दुसरी, ल्युसिलबाईंची चौथी, आणि तुझ्या नावाची, नॉर्ब, पहिली. बावीस वर्षांत तुझ्या घराण्याला पहिला नंबर! मी तोंड उघडून "पहिला सामना" म्हणणार, एवढ्यात मामा म्हणाले, "थांब. आत्ता तू काय सांगत होतास?"

मी म्हटलं, ते फुटबॉलचं होतं मामा.

"तत्त्वाला चेंडूचा आकार असतो का?" मामा म्हणाले. "पहिला नंबर मूर्खांचा. एकाच सामन्यावर सगळं लावायचं आणि त्या दिवशी बर्फ पडला तर? की नुसतंच उचलली जीभ, लावली टाळ्याला?"

मिलान हसला. ते शेजारचे दोघेही हसले, आणि त्यांची माझी ओळखसुद्धा नाही. ल्युसिलबाईंनी तेवढ्यात पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर सौदा स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता: तुझा पहिला नंबर त्यांना, बदल्यात त्यांचा चौथा, शिवाय ऑगस्टमधले, सामन्यानंतर फटाके उडतात ते दोन शनिवारचे सामने, शिवाय दर ईस्टरला खसखशीचा एक रोल. (सौदा सुचायच्या आधी तो लिहून आणलेला कसा, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. मला वाटलं, बाई टापटिपीच्या.) एका नंबरचे तीन सामने आणि वर रोल! तूच सांग, तू असतास तर काय केलं असतंस? माझ्या डोळ्यांपुढे तू आलास, फोनवर ओरडणारा: खाली सरक, क्लेम, खाली सरक! मी सरकलो. हात मिळवला. टाळ्या पडल्या. ल्युसिलबाईंनी पहिला सामना उचलला आणि वहीत टिंब करतात तसं शांतपणे पेनाने खूण केली.

भान आलं ते मामांची खुर्ची गाडीपाशी ढकलत नेताना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपला मामेभाऊ विमानाचं तिकीट काढून बसलाय, त्याला आयुष्यात माझ्याकडून एक गोष्ट हवी होती, ती देव-दैव-बिंगो सगळ्यांनी मिळून माझ्या हातात दिली, आणि मी ती चर्चासत्रात हरलो. मला खरंच वाईट वाटलं, नॉर्ब. अजून वाटतं. रात्री मेरी अ‍ॅनला सांगितलं तर ती म्हणाली, तुला लग्नाच्या वेळी कोणी खाली सरकायला कसं नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सौदा मोडून मागायला मी ल्युसिलबाईंच्या दारात गेलो. त्यांनी कॉफी दिली, खसखशीच्या रोलचा तुकडा दिला आणि नाही म्हणाल्या. मिलानकडे गेलो, त्याच्याकडे नंबर दोन होता, पण पहिला सामना तर गेलेलाच. त्याने वर माझी दाढ तपासली आणि ती काढावी लागेल म्हणाला. एकूण आगीतून फुफाट्यात. चौथ्या नंबरवर मी तुझ्यासाठी चार जुलैचा सामना घेतलाय, तो तसा चांगला आहे. रोल पोस्टाने खराब होतो, त्यामुळे तो तुझ्या वतीने इथेच खाल्ला जाईल.

झालं ते असं झालं. आता आठ एप्रिलच्या विमानाचं काय करायचं, तू ठरव. मला शिव्या द्यायच्या तर रविवारी दुपारी दे, तेव्हा मी घरात एकटा असतो. जोअ‍ॅनवहिनींना नमस्कार, हौदाला आशीर्वाद.

तुझा (अजूनही असेन तर) आतेभाऊ,
क्लेमेंट

ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडावं लागलं. मामांची माफी मागायला आज वृद्धनिवासात गेलो. मला वाटलं होतं ते खचले असतील. ते नवी टोपी घालून बसले होते आणि शेजारी ल्युसिलबाई त्यांच्या कोटाचं बटण लावत होत्या. पहिल्या सामन्याला ते दोघे जाताहेत. नाताळातच ठरलं होतं. पांघरुणं, थर्मास, खुर्ची ढकलायला ल्युसिलबाईंचा पुतण्या, सगळं ठरलेलं. बिंगोने घोळ घातला आणि नंबर तुला लागला, म्हणून तळघरात ते नाटक करावं लागलं. पहिला नंबर आपल्या तिघांपैकी कोणालाही लागो, त्याच्यासाठी सौदा तयार असावा म्हणून ल्युसिलबाईंनी वेगवेगळे तीन कागद लिहून आणले होते. मी रागावलो. म्हटलं, मामा, तो बिचारा तुमच्यासाठी दोन हजार मैलांवरून येतोय! मामा म्हणाले, "माझ्यासाठीच येतोय ना? तेच तर. आठ वर्षांचा असल्यापासून माझ्यासाठी येतोय. बेसबॉल त्याला आवडत नाही रे. दर इनिंगला तीनदा घड्याळ बघतो आणि मला म्हणतो, काय छान सामना आहे, बाबा. साठ वर्षं झाली. आता त्याला सोडा."

ता. क. २ : आता खरं काम. तिकीट रद्द करू नकोस, तारीख बदल. एप्रिलचा शेवटचा गुरुवार घे, ड्राफ्टचा. मामांना तू तेव्हा हवा आहेस. फेब्रुवारीत एका रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी त्यांच्या खोलीत होतो, हात कामात होते म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, आठवतं? तू चाळीस मिनिटं त्या दक्षिणेकडच्या क्वार्टरबॅकच्या कौतुकात बोललास. मामा तिथेच बसले होते. त्यांना तू फोन करतोस तेव्हा औषधं, हवा, जेवण, आणि चार मिनिटांत ठेवतोस. तुझा फोन संपल्यावर ते म्हणाले, "हा एवढं बोलतो?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ड्राफ्टचं मासिक आणि एक वही आणायला सांगितली. फुटबॉलमधलं त्यांना अजून काही कळत नाही, पण बत्तीस पोरांची नावं, उंची आणि वजन पाठ झालंय. नर्सलाही झालंय. टीव्हीच्या खोलीतला मोठा कोच त्यांनी त्या संध्याकाळसाठी आत्तापासून अडवून ठेवलाय.

ता. क. ३ : मामांनी तुला निरोप दिलाय, तो शब्दशः असा: "सांग त्याला, तो दक्षिणेकडचा क्वार्टरबॅक मला अजिबात पसंत नाही. हिंमत असेल तर येऊन भांड." (पसंत आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्याचंच नाव आहे, खाली दोन रेघा. पण तुमचं दोघांचं एकमत झालं तर बोलणं दहा मिनिटांत आटपेल, म्हणून त्यांनी विरोधात जायचं ठरवलंय.)