लाल गाडी, हिरवी गाडी

बुधवार, मु. सावली

आज धाकट्या भावाचा दहावा. तापानं गेला. मले अजून रडूच येत नाई. वैनगंगेवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. काय राह्यलं होतं त्याचं? त्याचा मोबाइल उघडला, तर शेवटी तो दोन रेसिंग बाइकच ताडून पाहत होता. हिरवीचा वेग ताशी दोनशे ऐंशी, किंमत बारा लाख. लालचा तीनशे, किंमत वीस लाख. मी तसंच पिंडासमोर वाचून दाखवलं. बाबांनी हात जोडले, "लाल घेऊ रे, बाबू." कावळा लगेच शिवला. लाल. वीस लाख.

आता बाबा ओसरीतली धानाची पोती सरकवून राह्यले. विचारलं, काऊन? म्हणाले, "कावळ्यासमोर कबूल केलं ना. लाल गाडी इथी मावंन का?"