चौथऱ्याचा कौल

खालची वाडी, रत्नागिरीलगत
माघ वद्य पंचमी, शके १८५४

चिरंजीव लवूस भागोजीचा आशीर्वाद.

देवीच्या कृपेने इकडे सर्वांची प्रकृती ठीक. चि. सौ. मालनचा खोकला थांबला का ते कळव. तुझी वहिनी सांगते, दुधातून ओली हळद दे.

तुझा वाटा वकिलांना विकावा का, याचा देवीला कौल लावून कळव, असे तू लिहिले होतेस. लिहितो. आधी इकडची हकीकत ऐक.

आपली वाडी आता गाव राहिली नाही आणि शहरही झाली नाही. म्युनिसिपालटीने हद्द वाढवली. माणसे साखळी घेऊन आली, मापली, दगड पुरून गेली. दगड नेमका आपल्या दोघांच्या वाट्यांमधल्या गडग्याच्या भिंतीशी आला. तुझा वाटा शहरात, माझा गावात. कंदिलाचा खांबही तुझ्याच बाजूला. उजेड मात्र माझ्या अंगणात पडतो, आणि तुझी वहिनी म्हणते की कोंबड्या वेळेवर निजत नाहीत.

परवा म्हैस तुझ्या परड्यात चरत होती, रोज चरते तशी. शिपायाने ती कोंडवाड्यात नेली. मी म्हटले, "अरे, भावाचं परडं हाय ता."

"भावाचं असंल," तो म्हणाला. "म्हशीला हद्द समजत न्हाय तर दाव्याला बांध."

टेकाडावर बंगले उठत आहेत. तुझा वाटा मागणारे वकील भले गृहस्थ आहेत, मला भागोजीराव म्हणतात. पण तुझ्या वाट्यात आजोबांनी रातांब्याच्या झाडाखाली बांधलेल्या चौथऱ्यावर उभे राहून ते छडीने दाखवीत होते, इथे मोटारीची शेड. वहाणा पायात होत्या. शिमग्यात देवीची पालखी इथेच टेकते, असे मी सांगितले. "मग जरा पुढे टेकवा की," म्हणाले. पुढे म्हणजे कुठे, ते सांगितले नाही. पुढे तर त्यांचेच कुंपण येणार.

आता कौल. तो लावून महिना झाला. तुला कळवले नाही.

आप्पा गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर विकावा, डावी पडली तर नको, असे गाऱ्हाणे घातले. त्याचे बोलणे पुरते संपले नाही तोच उजवी पडली.

मी म्हटले, "आप्पा, वाऱ्यान पडली. परत लाव."

"वारा? समईची वात तरी हालली काय? आनि देवी म्हंजे काय कोरट हाय, आपील कराया? वकिलाच्या शेजारान ही खोड लागली तुला!"

देवळातली सगळी हसली. मला हसू आले नाही.

लवू, पन्नाशीला आलो. रोज सकाळी तिची पायरी धुतो. एवढ्या वर्षांत काही मागितले नाही. एकदा तिने माझ्या बाजूने बोलावे, इतकेच मनात होते. ती तुझ्या बाजूने बोलली. डावी पडली असे लिहावे म्हणून कितीदा कागद पुढे घेतला. तिच्या नावाने खोटे लिहवले नाही. तिने तुला मोकळे केले आहे. विक.

पण त्याच दिवशी मी हट्टाने दुसरे विचारले. पालखी गडग्याअलीकडे, माझ्या अंगणात टेकवू का? आप्पाने नव्या कळ्या लावल्या. दुपार कलली, कळ्या सुकून गेल्या, एकही पडली नाही. शेवटी आप्पा म्हणाला, "चवथरा ज्येचा, त्येनंच इचाराया होवा."

म्हणून सही करण्याआधी शिमग्याला ये. पालखीला खांदा दे, आपल्या हाताने ती चौथऱ्यावर टेकव. आणि उचलताना तूच तिच्या कानाशी सांग, की पुढच्या वर्षी इथे टेकायचे नाही.

मी सांगणार नाही.

दगडाच्या अलीकडून,
तुझा दादा
भागोजी